जुन्या फोर-बाय-फोरसाठी बदली गिअरबॉक्स कसा निवडावा

जुन्या फोर-बाय-फोरचा गिअरबॉक्स कुरकुरायला लागला की लगेच एकच प्रश्न विचारला जातो: सगळ्यात मजबूत बॉक्स कोणता? मी या सगळ्यातून गेलो आहे, आणि माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. वेळ आणि पैसा बॉक्सपेक्षा बॉक्सच्या पुढेमागे जास्त जातो. पुढे फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग (क्लचवरचं, इंजिन आणि बॉक्स जोडणारं आवरण). मागे ट्रान्सफर केस (जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी), दोन प्रॉपेलर शाफ्ट, त्यांचे जॉइंट आणि पार डिफरन्शियलपर्यंतची रांग. यातली एक कडी जुळली नाही तर उत्तम बॉक्ससुद्धा कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहिलं आहे. पहिल्या तीन पायऱ्या होईपर्यंत कोणालाही बयाणा देऊ नका.

१. दोष बॉक्सचाच आहे याची खात्री करा

गिअर टाकताना खरखर होते म्हणजे बॉक्स गेला, असं नसतं. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर शांतपणे पडतो. तरीही खरखर झाली तर शाफ्ट अजून फिरतोय. मग क्लच प्लेट, हायड्रॉलिक्समधली हवा, वाकलेला क्लच फोर्क किंवा जाम झालेलं पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातलं, इनपुट शाफ्टला आधार देणारं) शोधा. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही.

आवाज ऐकायलाही एक पद्धत आहे. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर संशय इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या (बॉक्समधल्या समांतर दुसऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगवर घ्या. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहा. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर बहुतेक बॉक्समध्ये त्याचं कारण सरळ आहे: चौथा गिअर डायरेक्ट असतो, इनपुटचा जोर थेट आउटपुटला जातो आणि काउंटर शाफ्टवर भार उरत नाही.

गिअर सुटत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं बघा, लिव्हरखालची झिजलेली बुशं बघा. लो रेंज (ट्रान्सफर केसमधली जास्त हळू चालणारी जोडी) सुटत असेल तर ट्रान्सफर केसची लिंकेज. या वस्तू बॉक्सच्या तुलनेत किरकोळ आहेत आणि त्यांच्यामुळे चांगले बॉक्स उतरवले जातात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बॉक्स खरंच झिजला असेल, पण केसिंगला तडा नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर त्याच बॉक्सची दुरुस्ती हा पहिला पर्याय ठेवा. बेअरिंगं, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या), ऑइल सील आणि गरज असेल तर काउंटर शाफ्ट बदलला की काम झालं. आजूबाजूचं काहीही हलवावं लागत नाही. बदली बॉक्सचा विचार तीन कारणांसाठी करावा: भाग मिळतच नाहीत, इंजिन बदलल्यामुळे मूळ बॉक्सला ताकद झेपत नाही, किंवा रेशोच (बाहेरच्या एका फेऱ्यामागे आतले फेरे किती, तो आकडा) कामाचे नाहीत.

२. काय हवंय ते आकड्यांत मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. तुम्हाला दोन आकडे काढायचे आहेत: खडकावर गाडी किती हळू सरकेल, आणि हमरस्त्यावर इंजिन किती फेऱ्यांवर असेल.

पहिल्यासाठी क्रॉल रेशो काढा. पहिला गिअर गुणिले लो रेंज गुणिले डिफरन्शियलचा रेशो. उदाहरण घेऊ. जीपमध्ये बसलेला एएक्स-१५ हा पाच गिअरचा बॉक्स: पहिला गिअर ३.८३. मागे एनपी२३१ ट्रान्सफर केस, लो २.७२. डिफरन्शियल ४.१०. गुणाकार साधारण ४२.७. आता त्याच गाडीत पहिला गिअर ५.६१ असलेला एनव्ही४५०० टाकला तर ६२.६. चाकाचा घेर २.४ मीटर धरला (३१ इंची टायर साधारण एवढा चालतो) आणि इंजिन ८०० फेऱ्यांवर, तर पहिल्या जोडीत गाडी ताशी २.७ किलोमीटरने सरकते, दुसऱ्या जोडीत १.८ ने. खडकांत हा फरक मोठा असतो. क्लच अर्धा दाबून चाक टेकवण्याची गरज उरत नाही.

आता खरी गंमत. एएक्स-१५ तसाच ठेवून ट्रान्सफर केसमध्ये ४:१ ची लो रेंज बसवली तर ३.८३ गुणिले ४ गुणिले ४.१० म्हणजे ६२.८. तोच आकडा! गिअरबॉक्स न बदलता. शिवाय रस्त्यावरचे सगळे गिअर जसेच्या तसे राहतात. तेव्हा तुमची तक्रार फक्त "चढावर गाडी फार पळते" एवढीच असेल, तर तुम्हाला हवा असलेला भाग कदाचित गिअरबॉक्सच्या मागे आहे.

दुसरा आकडा: ताशी ९० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६२५ फेरे घेतं. त्याला डिफरन्शियलच्या ४.१० ने गुणलं तर टॉप गिअर डायरेक्ट असताना इंजिन २५६० फेऱ्यांवर. टॉप ०.७९ असेल तर सुमारे २०२०, ०.७३ असेल तर १८७०. जुन्या विलिस पठडीच्या जीपांत तीन गिअरचा टी-९० आणि ५.३८ चं डिफरन्शियल असायचं. तिथे ३१ इंची टायर लावूनही ९० ला इंजिन ३३६० फेऱ्यांवर ओरडतं. अशा गाडीला ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा गिअर) मिळाला तर गाडीचा स्वभाव बदलतो. पण लहान, जुनं पेट्रोल इंजिन १८०० फेऱ्यांवर चढ ओढू शकत नाही. तिथे ०.७३ चा पाचवा गिअर फक्त उतारावर उपयोगी पडेल. तुमचं इंजिन कोणत्या फेऱ्यांवर जोर धरतं ते माहीत नसताना ओव्हरड्राइव्हच्या मागे लागू नका.

तिसरी गोष्ट मी आग्रहाने सांगतो: गिअरमधली अंतरं. एसएम४६५ या चार गिअरच्या ट्रक बॉक्सचे रेशो ६.५५, ३.५८, १.७०, १.००. ३००० फेऱ्यांवर दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलात तर इंजिन १४२५ वर कोसळतं. मोठं, कमी फेऱ्यांवर जोर देणारं इंजिन ते सहन करतं. छोटं इंजिन घाटात तिथेच दम टाकतं. दुसरा गिअर ओरडतो आणि तिसरा ओढत नाही. एएक्स-१५ मध्ये तीच उडी २.३३ वरून १.४४ ची आहे, म्हणजे ३००० वरून १८५०. ट्रकच्या बॉक्सच्या मोहात पडण्याआधी तुमच्या नेहमीच्या रस्त्याचा हा हिशेब कागदावर करून बघा.

३. गाडीची मापं घ्या

गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर उभी असताना हे मोजा आणि लिहून ठेवा. इंजिनच्या मागच्या तोंडापासून ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडापर्यंतची लांबी. मागच्या प्रॉपेलर शाफ्टची जॉइंट ते जॉइंट लांबी, तशीच पुढच्या शाफ्टची. ट्रान्सफर केसचं आउटपुट आणि पिनियन (डिफरन्शियलचं इनपुट टोक) यांच्या उंचीतला फरक. लिव्हर फरशीतून कुठे वर येतो. क्रॉस मेंबर (बॉक्सखालचा चेसिसचा आडवा आधार) कुठे आहे. पुढचा शाफ्ट इंजिनच्या डाव्या बाजूने जातो की उजव्या, हेही लिहा.

लांबी एवढी महत्त्वाची का? नवा बॉक्स १०० मिलिमीटर लांब असेल तर ट्रान्सफर केस तेवढा मागे सरकतो. पुढचा शाफ्ट लांब करावा लागतो, त्याचं फारसं काही नाही. मागचा शाफ्ट आखूड होतो, आणि त्रास तिथे आहे. समजा मागच्या शाफ्टचं आडवं अंतर ५०० मिलिमीटर आहे आणि उंचीतला फरक १५०. शाफ्टचा कल सुमारे १७ अंश. अंतर ४०० झालं की तोच कल साडेवीस अंशांवर जातो. लांब गाडीत हे पचतं. आखूड व्हीलबेसच्या, वर उचललेल्या गाडीत जॉइंट थरथरायला लागतात आणि लवकर संपतात. त्यामुळे आखूड गाडीत बॉक्सची लांबी मी ताकदीच्याही आधी बघतो.

४. उमेदवार आणि त्यांचे स्वभाव

सगळ्या बॉक्सची यादी इथे देत नाही. जुन्या फोर-बाय-फोरच्या जगात वारंवार समोर येणारे काही सांगतो, म्हणजे नावं ऐकल्यावर गोंधळ होणार नाही.

बिडाच्या केसिंगचे चार गिअरवाले ट्रक बॉक्स: टी-१८, टी-१९, एनपी४३५, एसएम४६५. यांचा पहिला गिअर साडेसहाच्या आसपास. टी-१८ आणि टी-१९ मध्ये ६.३२, एनपी४३५ मध्ये ६.६९. रस्त्यावर गाडी दुसऱ्यातच उचलायची, पहिला फक्त खडकांसाठी. टी-१८, एनपी४३५ आणि एसएम४६५ मध्ये पहिल्याला सिंक्रो नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा प्रयत्न करू नका; टी-१९ मध्ये असतो. हे बॉक्स मार खातात, रचना सोपी आहे, दुरुस्ती घरगुती हत्यारांनी होते. ओव्हरड्राइव्ह नाही. एक सापळा इथे आहे: टी-१८ हा ४.०२ च्या पहिल्या गिअरसहही बनला. बाहेरून तोच, आतून वेगळा. ओळखायचं कसं ते पुढे सांगतो.

एनव्ही४५०० हा त्याच जातीचा, पण पाच गिअरचा. बीडच, वजन ९० किलोच्या घरात. पहिला गिअर ५.६१ किंवा सुरुवातीच्या काही बॉक्समध्ये ६.३४. खडकही होतात आणि हमरस्ताही, म्हणून त्याला मागणी आहे. लांब आणि जड आहे हे विसरू नका. डॉजच्या गाड्यांतून आलेल्या बॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होण्याची ख्याती आहे. घेण्याआधी मागचं झाकण उघडून तो बघाच, आणि बसवताना सुधारित नट वापरा.

जीपच्या सहा सिलिंडर गाड्यांत १९८७ ते १९८९ मध्ये प्यूजोचा बीए१०/५ होता. त्याची केसिंग उभी दोन भागांत जोडलेली, गळती आणि कमकुवतपणासाठी बदनाम. १९८९ मध्येच त्याची जागा आयसिनच्या एएक्स-१५ ने घेतली, आणि २००० मध्ये एनव्ही३५५० आला. बीए१०/५ संपला असेल तर त्यावर खर्च करण्यापेक्षा एएक्स-१५ कडे जा, हे मी बिनदिक्कत सांगेन. इथला सापळा म्हणजे एएक्स-५. चार सिलिंडर इंजिनांसाठीचा हा धाकटा बॉक्स नवख्या माणसाला एएक्स-१५ सारखाच दिसतो. आउटपुट शाफ्टचे दाते मोजा: एएक्स-५ ला २१, एएक्स-१५ ला २३. ट्रान्सफर केसच्या इनपुटलाही तेवढेच दाते लागतात, म्हणजे हा आकडा दोन्हीकडे उपयोगी.

टोयोटा लँड क्रूझरवाल्यांचं नशीब चांगलं. एच४१ आणि एच४२ हे चार गिअरचे, पहिला अनुक्रमे ४.९३ आणि ३.५६. त्यांच्याच कुटुंबातला पाच गिअरचा एच५५एफ: पहिला ४.८४, पाचवा ०.८५. एच४२ वाल्याला यातून खालचा गिअरही मिळतो आणि वरचाही. परक्या कंपनीचा बॉक्स आणण्याआधी घरातला हा पर्याय तपासा.

लँड रोव्हरच्या ९०, ११० आणि डिस्कव्हरीत एलटी७७, त्यानंतर १९९४ पासून आर३८०. दोघांच्या मागे एलटी२३० ट्रान्सफर केस. इथे गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट ट्रान्सफर केसच्या इनपुट गिअरमध्ये जातो, तिथल्या स्प्लाइनपर्यंत (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांपर्यंत) तेल नीट पोहोचत नाही आणि ते झिजतात. पुढे आडवी छिद्रं पाडलेले गिअर आले ते याचसाठी. ॲक्सिलरेटर सोडता-दाबता खाडकन आवाज येत असेल तर बॉक्स बदलण्याआधी हे स्प्लाइन पाहा, आणि बदलताना छिद्रांचाच गिअर घाला.

५. पुढची जुळणी: इंजिन ते बॉक्स

इथे पाच गोष्टी जुळायला हव्यात. बेल हाउसिंग इंजिनला बसलं पाहिजे. बॉक्सच्या पुढच्या बेअरिंग रिटेनरचा व्यास बेल हाउसिंगच्या भोकात अचूक बसला पाहिजे, कारण बॉक्सला मध्यावर धरणारा तोच. बोल्टच्या भरवशावर मध्य साधत नाही. इनपुट शाफ्टची लांबी अशी हवी की टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरेल, पण क्रँकला आतून टेकणार नाही. क्लच प्लेटची स्प्लाइन इनपुट शाफ्टला आणि प्लेटचा व्यास फ्लायव्हीलला जुळला पाहिजे. आणि पायलट बेअरिंगचा आतला व्यास शाफ्टच्या टोकाचा, बाहेरचा क्रँकचा.

स्प्लाइनबाबत दाते मोजून थांबू नका. फोर्डचे आणि जनरल मोटर्सचे कितीतरी इनपुट शाफ्ट दहा दात्यांचेच, पण व्यास एकाचा १-१/१६ इंच तर दुसऱ्याचा १-१/८ इंच. प्लेट हातात घेऊन शाफ्टवर सरकवून बघा.

अ‍ॅडॅप्टर लावून दुसऱ्या कंपनीचा बॉक्स जोडत असाल तर डायल गेजने बेल हाउसिंगच्या भोकाची मध्यता तपासा. गेज फ्लायव्हीलवर पक्का करायचा आणि क्रँक फिरवायचा. काट्याचा एकूण फरक ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर मध्य बाजूला सरकवलेल्या (ऑफसेट) डॉवेल पिना मिळतात, त्यांनी दुरुस्त करता येतो. हे टाळलं तर बेअरिंग आणि सिंक्रो लवकर संपतात, आणि दोष बिचाऱ्या बॉक्सच्या माथी जातो.

क्लच हायड्रॉलिक असेल तर स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा) बेल हाउसिंगच्या आत आहे की बाहेर ते बघा. एएक्स-१५ मध्ये १९९४ पासून तो बाहेर आला. आतला स्लेव्ह गळला की सगळा बॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे शक्य तिथे बाहेरच्याच मागे लागा. आणखी एक, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी: जीपच्या ४.० लिटर इंजिनात क्रँकचा सेन्सर बेल हाउसिंगवर बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो. चुकीचं फ्लायव्हील किंवा सेन्सरची जागा नसलेलं बेल हाउसिंग बसवलं तर इंजिन सुरूच होणार नाही.

६. मागची जुळणी: बॉक्स ते ॲक्सल

सगळ्यात फसवा सौदा म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह गाडीतून काढलेला बॉक्स. नाव तेच, नंबर तोच, पण मागचा शाफ्ट आणि टेल हाउसिंग वेगळं. फोर-बाय-फोरसाठी मुख्य शाफ्टच बदलावा लागतो, म्हणजे अख्खा बॉक्स उघडायचा. स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका.

ट्रान्सफर केसचं पुढचं आउटपुट तुमच्या पुढच्या डिफरन्शियलच्याच बाजूला पाहिजे. जीपमध्ये डेना २० आणि डेना ३०० चं एका बाजूला, एनपी२३१ चं दुसऱ्या. बाजू चुकली तर पुढचा ॲक्सल बदलावा लागेल, आणि ते काम या लेखापेक्षा मोठं आहे.

ताकदीचा हिशेबही इथेच करा. ३०० न्यूटन-मीटरचं इंजिन, ३.८३ चा पहिला आणि २.७२ ची लो मिळून ट्रान्सफर केसच्या मागे ३१२५ न्यूटन-मीटर निघतात. पहिला ५.६१ केला की ४५७८. मजबूत बॉक्स हा जोर सहज पेलतो. जुन्या गाडीचे युनिव्हर्सल जॉइंट आणि ॲक्सल शाफ्ट पेलतील का, हा प्रश्न आहे. चाक खडकात अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबायची सवय असेल तर हा आकडा दोनदा वाचा.

माझा सल्ला: बॉक्स, बेल हाउसिंग, फोर्क, लिव्हर, ट्रान्सफर केस, जोडणारा अ‍ॅडॅप्टर, क्रॉस मेंबर आणि स्पीडोमीटरचा गिअर, शक्य असेल तर सगळं एकाच गाडीतून घ्या. सुटं सुटं जमवलेलं स्वस्त वाटतं, पण एखादा न मिळणारा स्पेसर सगळं काम अडवून ठेवतो.

७. जुना बॉक्स हातात घेऊन तपासणं

विक्रेत्याचं सांगणं आणि केसिंगवरचा ओतीव नंबर, दोन्ही पुरेसे नाहीत. केसिंगचा नंबर केसिंगबद्दल सांगतो, आतल्या गिअरबद्दल नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, इनपुट आणि आउटपुटवर खडूने खूण करा, आणि आउटपुटचे दहा पूर्ण फेरे होईपर्यंत इनपुटचे फेरे मोजा. त्रेसष्ट झाले तर ६.३२ चा टी-१८, चाळीस झाले तर ४.०२ चा. प्रत्येक गिअरला हेच करा. पाच मिनिटांत बॉक्सची खरी ओळख पटते.

मग तेल. काढण्याचा प्लग उघडा आणि लोहचुंबक बघा. राखाडी लेप चालतो, तेलात पिवळसर भुकटी म्हणजे सिंक्रो रिंगा झिजत आहेत, आणि तुकडे दिसले तर तिथेच थांबा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. नदीनाले ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं, आणि गंजलेली बेअरिंगं त्यातूनच येतात. तेल "आधीच काढून टाकलंय" असं ऐकलं तर झाकण उघडून आत बघण्याचा आग्रह धरा. वरचं झाकण निघणारे बॉक्स या बाबतीत फार सोयीचे: टॉर्च मारली की दाते दिसतात. दात्यांच्या टोकावर गोलाई आली असेल तर गिअर सुटणार.

इनपुट शाफ्ट धरून वर-खाली हलवा. पायलट बेअरिंगचा आधार नसताना थोडा हलणं साहजिक आहे, पण खटखट आणि खरबरीत फिरणं साहजिक नाही. केसिंगवर माउंटिंगच्या कानांपाशी आणि बेल हाउसिंगच्या बोल्टांभोवती केसासारखे तडे शोधा. ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटेही बघा.

८. कागद आणि हत्यारं

कागद असे जमवा:

- गाडीच्या नोंदणीची कागदपत्रं, चेसिस आणि इंजिन नंबरासह
- तुमच्या गाडीची आणि ज्या गाडीतला बॉक्स घेताय त्या गाडीची, अशा दोन्ही वर्कशॉप मॅन्युअल
- बॉक्स ज्या गाडीतून आला तिचं मॉडेल, वर्ष, इंजिन, फोर-बाय-फोर होती की नव्हती, हे लिहिलेली विक्रेत्याची पावती
- तिसऱ्या पायरीतली तुमची मापं आणि काढण्याआधीचे फोटो

इंजिनही बदलणार असाल तर नोंदणीत बदल करावा लागतो का ते गाडी जिथे नोंदली आहे तिथे आधीच विचारा.

हत्यारांत ट्रान्समिशन जॅक सगळ्यात आधी. साध्या जॅकवर तोल सांभाळत ९० किलोचा बॉक्स चढवू नका. तो घसरला तर हात किंवा छाती खाली सापडते. भक्कम स्टँड, टॉर्क रेंच, व्हर्नियर, डायल गेज, क्लच प्लेट मध्यावर धरणारा डमी शाफ्ट, पायलट बेअरिंग ओढायचं पुलर, कोन मोजायचं साधन. बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांसाठी लांब एक्स्टेंशन हवंच. बोल्टांसारखेच आटे असलेले, डोकं कापलेले दोन लांब स्टड तयार ठेवा. ते मार्गदर्शक म्हणून लावले की बॉक्स सरळ रेषेत आत जातो.

९. बसवताना

बॉक्स बाहेर असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील बदला. पुन्हा उतरवण्याची मजुरी या भागांपेक्षा नेहमीच जास्त पडते.

बॉक्स शेवटचे काही मिलिमीटर जात नसेल तर बोल्टांनी ओढून घेऊ नका. स्प्लाइन किंवा पायलट जुळलेलं नाही. आउटपुट थोडा फिरवा, बॉक्स गिअरमध्ये ठेवून हलवा, तरीही नाही तर बाहेर काढून मापं पुन्हा बघा. बोल्ट आवळून बसवलेल्या बॉक्सचे कान तुटतात किंवा क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

ब्रीदरची (बॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्राची) नळी लांब करून इंजिनच्या वरच्या पातळीपर्यंत न्या. गरम बॉक्स थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते.

प्रॉपेलर शाफ्ट कापायला देण्याआधी गाडीचं पूर्ण वजन चाकांवर ठेवून माप घ्या, मग चाकं पूर्ण लटकवून पुन्हा. स्लिप जॉइंट पूर्ण लटकल्यावरही सुटता कामा नये आणि पूर्ण दबल्यावर आत टेकता कामा नये. दोन साध्या जॉइंटचा शाफ्ट असेल तर ट्रान्सफर केसचं आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत, फरक एखाद्या अंशाचा. वरच्या टोकाला दुहेरी जॉइंट असेल तर पिनियनचं तोंड थेट शाफ्टच्या रेषेत फिरवावं लागतं. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की थरथर जात नाही.

१०. तेल आणि पहिली धाव

"गिअर ऑइल" म्हणून जे मिळेल ते ओतू नका. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ तेलातली गंधक-फॉस्फरसची मिश्रणं पितळी सिंक्रो रिंगांना मारक ठरू शकतात, आणि ते तेल जास्त निसरडं असल्याने रिंग पकड घेत नाही, गिअर उशिरा पडतो. बहुतेक जुन्या बॉक्सना जीएल-३ किंवा जीएल-४ लागतं. एनव्ही४५०० ला त्याचं स्वतःचं ७५डब्ल्यू-८५ जीएल-४ सिंथेटिक. एलटी७७ आणि नंतरच्या काही टी-५ बॉक्समध्ये चक्क एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. बॉक्स दुसऱ्या गाडीतून आला असेल तर त्या गाडीच्या मॅन्युअलचं ऐका, तुमच्या गाडीच्या नाही. आणि भरण्याचा प्लग उघडतो याची खात्री झाल्यावरच काढण्याचा प्लग सोडवा.

पहिल्यांदा चाकं हवेत, स्टँडवर, इंजिन आयडलवर ठेवून सगळे गिअर, हाय, लो, पुढचा ॲक्सल टाकून बघा. मग जवळच एक फेरी. थरथर जाणवली तर वेग तोच ठेवून गिअर बदला. थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलली तर क्लच किंवा फ्लायव्हीलकडे बघा. वेगाबरोबरच राहिली तर प्रॉपेलर शाफ्टकडे. परत आल्यावर बेल हाउसिंग, क्रॉस मेंबर आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळा. पाचशे किलोमीटरनंतर तेल काढून चुंबक बघा. नव्या रिंगांची थोडी भुकटी तेलात असेलच. तेल नवं भरा, बोल्ट अजून एकदा तपासा, आणि मगच गाडी खडकांत न्या.